उसने अधिकारी, स्वतःचे अधिकारी : ‘रॉ’मधील कारकिर्दींचा इतिहास

१/
सप्टेंबर १९६८. ‘इंटेलिजन्स ब्युरो’चे, म्हणजे ‘आयबी’चे विभाजन होऊन परदेशांतील गुप्तवार्तेसाठी एक स्वतंत्र संस्था उभी राहिली : ‘रिसर्च अँड अ‍ॅनालिसिस विंग’, अर्थात ‘रॉ’. तिचे पहिले प्रमुख होते आर. एन. काव. कर्मचारी आणि कागदपत्रे ‘आयबी’कडून वाटून घेता येणार होती. अवघड प्रश्न निराळा होता. या संस्थेत आयुष्य घालवणारी माणसे आणायची कोठून, आणि संस्थेने त्यांचे पुढे करायचे काय?

२/
या प्रश्नाचे महत्त्व कळण्यासाठी आधी चित्रपटांतला हेर बाजूला ठेवावा लागतो. ‘रॉ’चा अधिकारी हा सरकारी नोकर असतो. त्याला वेतनश्रेणी असते, बढती असते, बदली असते, निवृत्तिवेतन असते. परदेशात तो बहुधा दूतावासातील एखाद्या पदाच्या आडून काम करतो. गुपित प्रत्यक्ष आणून देणारा ‘एजंट’ वेगळा. तो पुष्कळदा त्या परक्या देशाचाच नागरिक असतो. त्याला हेरणे, जोखणे, विश्वासात घेणे आणि वर्षानुवर्षे सांभाळणे हे अधिकाऱ्याचे काम.

३/
‘आयबी’ ही ब्रिटिश राजवटीत वाढलेली आणि पोलीस अधिकाऱ्यांनी चालवलेली संस्था. काव स्वतः त्याच परंपरेतले. जन्म १९१८, वाराणसी. १९४० मध्ये ‘इंडियन पोलीस’मध्ये प्रवेश, स्वातंत्र्याच्या सुमारास ‘आयबी’त. बांडुंग परिषदेसाठी चिनी शिष्टमंडळाला घेऊन निघालेले एअर इंडियाचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ विमान एप्रिल १९५५ मध्ये घातपाताला बळी पडले, तेव्हा त्या तपासात भारताकडून काव होते. पुढे नवस्वतंत्र घानाची गुप्तवार्ता यंत्रणा उभारण्यासही त्यांनी साहाय्य केले. साहजिकच ‘रॉ’ची पहिली फळी पोलिसांचीच होती.

४/
पोलीस अधिकाऱ्याकडे दोन गोष्टी तयार असतात : माणसांची पारख आणि खबरे सांभाळण्याची सवय. परंतु १९६२ आणि १९६५ च्या युद्धांनी या शिदोरीच्या मर्यादाही दाखवून दिल्या. शेजारच्या सैन्याची जमवाजमव, एखाद्या देशाच्या तिजोरीची अवस्था, परकीय भाषेतील वृत्तपत्राच्या दोन ओळींमधला अर्थ, हे ठाण्यातल्या अनुभवावर उलगडत नाही. त्यासाठी एका देशाचा, एका भाषेचा पंधरा-वीस वर्षांचा व्यासंग लागतो.

५/
काव यांनी म्हणून दारे रुंद केली. सैन्यदलांतून, अन्य केंद्रीय सेवांतून आणि थेट विद्यापीठांच्या जगातूनही माणसे घेतली गेली. पुढे प्रमुखपदी पोहोचलेले दोघे याची साक्ष देतात. एन. एफ. सनटूक यांची वाट नौदल, पोलीस आणि सीमाभागाची प्रशासन सेवा अशी वळणे घेत आली. विक्रम सूद तर भारतीय टपाल सेवेतून आले.

६/
१९७० च्या दशकात संस्थेने आपली स्वतःची सेवा घडवायला घेतली : ‘रिसर्च अँड अ‍ॅनालिसिस सर्व्हिस’. येथून दोन प्रकारच्या कारकिर्दी शेजारी शेजारी चालू लागल्या. पहिली प्रतिनियुक्तीवर आलेल्याची. त्याचा मूळ सेवेतील धारणाधिकार शाबूत असतो आणि परतीची वाट मोकळी असते. दुसरी, मूळ सेवेवर पाणी सोडून कायमचे इथले झालेल्याची. त्याला परतीचे दार नाही. बाहेरच्या जगाला सांगता येईल अशी ओळखही नाही.

७/
गुप्ततेमुळे भरती जाहीरपणे करता येत नसे. ओळखीच्या, खात्रीच्या माणसांकडे ओढा असणे हे काही अंशी अपरिहार्य होते. पण खात्री आणि वशिला यांतली सीमारेषा पुसट असते. दिल्लीच्या प्रशासकीय वर्तुळात संस्थेच्या नावाचा एक खवचट विस्तार रूढ झाला : ‘रिलेटिव्हज अँड वाइव्हज असोसिएशन’, म्हणजे नातलगांची आणि पत्नींची संघटना. थट्टा अतिशयोक्त असेल, पण बंद दाराआडच्या निवडीवर समाज विश्वास ठेवत नाही, हे सत्य तिच्यात होते.

८/
१९७१ च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामाने संस्थेला प्रतिष्ठा मिळवून दिली. मुक्तिवाहिनीला मिळालेल्या साहाय्यात ‘रॉ’चा वाटा मोठा होता. तथापि विजयाच्या मिरवणुकीत हे अधिकारी नव्हते. सैनिकाचे शौर्य पदकात उमटते. इथले कर्तृत्व गोपनीय अहवालाच्या फाइलमध्ये मिटून जाते. या नोकरीचा हा मूळ करार होता, आणि तो टिकवून धरणारी एकच गोष्ट होती : आपले काम वरच्या माणसाला ठाऊक आहे, हा विश्वास.

९/
१९७७ मध्ये त्या विश्वासाला पहिला तडा गेला. आणीबाणीनंतर सत्तेवर आलेल्या मोरारजी देसाई यांच्या सरकारला ‘रॉ’ इंदिरा गांधींची हस्तक वाटत होती. काव पायउतार झाले. त्यांच्या जागी आलेल्या के. शंकरन नायर यांच्या पदाचा दर्जा घटवण्यात आला, तेव्हा त्यांनीही पद सोडले. संस्थेच्या विस्ताराला कात्री लागली. दशकभराचा व्यासंगही सत्तांतरापुढे संरक्षण देऊ शकत नाही, हा धडा खालच्या प्रत्येक अधिकाऱ्याने मनात नोंदवला असणार.

१०/
दुसरा तडा आतून गेला. १९८० मध्ये ‘रॉ’च्या कर्मचाऱ्यांनीच आंदोलन पुकारले. देशाची गुपिते जपणाऱ्या कचेरीत संप, ही कल्पनाच दिल्लीला हादरवणारी होती. कारवाई झाली, आणि कायदाही बदलला. १९८४ च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३३ ची व्याप्ती गुप्तवार्ता संस्थांपर्यंत नेली. १९८५ च्या कायद्याने तेथील कर्मचाऱ्यांच्या संघटना करण्याच्या आणि वृत्तपत्रांशी बोलण्याच्या हक्कांवर बंधने घातली. संप करण्याची वाट बंद झाली. गाऱ्हाण्याचे मूळ मात्र कायद्याने निघत नाही.

११/
त्या मुळाचा एक धागा बढतीशी जोडलेला होता. प्रमुखपदी बहुतांश काळ पोलीस सेवेतून आलेलेच अधिकारी राहिले. ए. एस. दुलत १९९९ मध्ये थेट ‘आयबी’तून येऊन प्रमुख झाले. २०१४ मध्ये नेमलेले राजिंदर खन्ना यांच्यासारखे संस्थेच्या स्वतःच्या सेवेतले प्रमुख मोजकेच. आयुष्य इथेच घालवलेल्या माणसाने शिखर दुसऱ्याच वाटेने आलेल्याला मिळताना पाहावे, ही रुखरुख केवळ वैयक्तिक राहत नाही. ती संस्थेच्या कामात झिरपते.

१२/
मात्र स्वतःची माणसे म्हणजे निष्ठेची हमी, असेही इतिहास म्हणत नाही. सैन्यातील मेजरपदावरून ‘रॉ’मध्ये आलेला रबिंदर सिंग सहसचिव पातळीपर्यंत चढला. संशयावरून त्याच्यावर पाळत असतानाच २००४ मध्ये तो नेपाळमार्गे अमेरिकेला पसार झाला. वर्षानुवर्षे शेजारच्या खोलीत बसलेला माणूस संस्थेला कळला नव्हता. कोणत्या सेवेतून आला यापेक्षा आत आल्यावर त्याला कोण, कसे पारखते, हा प्रश्न मोठा ठरला.

१३/
परतीच्या वाटेचा अर्थ महाराष्ट्राला एका नावातून कळतो. हेमंत करकरे. नागपुरात अभियांत्रिकीचे शिक्षण, काही काळ खासगी नोकरी, १९८२ च्या तुकडीतून भारतीय पोलीस सेवा. मधली सात वर्षे त्यांनी ‘रॉ’साठी ऑस्ट्रियात काढली. मग ते मूळ सेवेत परतले, जानेवारी २००८ मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख झाले आणि २६ नोव्हेंबरच्या रात्री मुंबईत हुतात्मा झाले. जनतेने त्यांना पोलीस म्हणून ओळखले. व्हिएन्नातील वर्षे चरित्रातली एक ओळ होऊन राहिली.

१४/
त्याच रात्रीच्या संदर्भात दुसरे नाव येते : वप्पाला बालचंद्रन. तेही महाराष्ट्र केडरचे, १९५९ च्या तुकडीचे पोलीस अधिकारी. १९७० च्या दशकात ते ‘रॉ’मध्ये गेले आणि राज्याच्या पोलीस दलात न परतता १९९५ मध्ये विशेष सचिव म्हणून तिथूनच निवृत्त झाले. २६/११ ला मुंबई पोलिसांनी दिलेल्या प्रतिसादाची छाननी करण्यासाठी राज्य सरकारने दोन सदस्यांची समिती नेमली. अध्यक्ष होते राम प्रधान, आणि दुसरे सदस्य बालचंद्रन. एकाच केडरच्या दोन वाटा : एक मधूनच परतली, दुसरी निवृत्तीनंतर आपल्या मूळ दलाची झाडाझडती घ्यायला आली.

१५/
निवृत्तीनंतरही ही नोकरी पुरती संपत नाही. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा या संस्थेला, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे आरोप वगळता, लागू नाही. २०२१ च्या नियमांनी गुप्तवार्ता संस्थांतून निवृत्त झालेल्यांना आपल्या कार्यक्षेत्राविषयी लिहिण्यापूर्वी परवानगी घेणे बंधनकारक केले. बी. रामन यांनी २००७ मध्ये ‘रॉ’वरचे आपले आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. काव मात्र २००२ मध्ये गेले, ते आत्मचरित्र प्रसिद्ध न करताच.

१६/
उसना अधिकारी की स्वतःचा? अर्धशतक उलटल्यावरही या प्रश्नाचे एकच उत्तर मिळालेले नाही, आणि कदाचित मिळूही नये. उसना माणूस बाहेरचे वारे घेऊन येतो. कायमचा माणूस संस्थेची स्मृती जपतो. दोघांचीही गरज आहे. पण ज्याला आपले यश कोणाला सांगता येत नाही आणि आपले गाऱ्हाणे घेऊन रस्त्यावर उतरता येत नाही, त्याला न्याय मिळण्याची एकच जागा उरते, ती म्हणजे संस्थेच्या भिंतींच्या आत. १९८० साली तिथे न्याय मिळेना असे माणसांना वाटले, आणि मौनाची शपथ घेतलेली कचेरी बोलू लागली.

(समाप्त)