दलीपसिंग, महाराजा

दलीपसिंग, महाराजा : (सप्टेंबर १८३८ – २२ ऑक्टोबर १८९३). पंजाबच्या शीख राज्याचा अखेरचा अधिपती आणि ते राज्य खालसा झाल्यावर परदेशातून त्यावर हक्क सांगणारा वारस. जन्म लाहोर येथे. पिता महाराजा रणजितसिंग; माता राणी जिंदाँ. रणजितसिंगाच्या निधनानंतर (१८३९) चार वर्षांत लाहोरच्या गादीवर आलेले वारस एकामागून एक अकाली मृत्यू पावले, आणि सप्टेंबर १८४३ मध्ये महाराजा शेरसिंग व वजीर ध्यानसिंग यांचे एकाच दिवशी खून पडल्यावर पाच वर्षांच्या दलीपसिंगास तख्तावर बसविण्यात आले. कारभार नावाला वजिराच्या व राणीच्या हाती असला, तरी खरी सत्ता लष्करी पंचायतींकडे गेली होती. सप्टेंबर १८४५ मध्ये फौजेने राणीचा भाऊ व वजीर जवाहिरसिंग यास हत्तीवरून ओढून ठार केले, तेव्हा हा बालराजा त्याच हत्तीवर मामाजवळ बसलेला होता.

पहिल्या इंग्रज-शीख युद्धात सोब्राँव येथे शिखांचा पराभव झाला (१० फेब्रुवारी १८४६), आणि मार्चमधील लाहोरच्या तहाने जालंधर दुआब इंग्रजांकडे गेला. दीड कोट रुपयांच्या खंडणीपैकी एक कोटीच्या मोबदल्यात काश्मीर व लगतचा डोंगरी मुलूख तोडून घेण्यात आला आणि त्यातील मोठा भाग पुढे जम्मूच्या गुलाबसिंगास पाऊण कोट रुपयांना देण्यात आला. दलीपसिंगाच्या पुढील सर्व आयुष्याचे मर्म मात्र त्याच वर्षी डिसेंबरात झालेल्या भैरोवालच्या तहात आहे. या तहान्वये महाराजा सोळा वर्षांचा होईपर्यंत, म्हणजे ४ सप्टेंबर १८५४ पर्यंत, राज्याचा कारभार ब्रिटिश रेसिडेंटाच्या हुकमतीखालील मुत्सद्दी मंडळाने पाहावा, इंग्रजी फौज लाहोरास ठेवावी आणि तिचा खर्च दरबाराने सोसावा असे ठरले. ब्रिटिश सरकारने अशा रीतीने अज्ञान राजाचे पालकत्व स्वतः होऊन पत्करले. कारभारातून दूर केलेल्या राणी जिंदाँस प्रथम शेखुपुऱ्यास व नंतर पंजाबाबाहेर नेऊन ठेवले. चुनारच्या किल्ल्यातून वेषांतर करून ती निसटली आणि तिने नेपाळात आश्रय घेतला.

एप्रिल १८४८ मध्ये मुलतानास दोन इंग्रज अधिकारी मारले गेले, तेथील दिवाण मुळराजाचे बंड हजारा प्रांतातील सरदारांपर्यंत पसरले आणि दुसरे युद्ध पेटले. चिलियनवाला येथे इंग्रजांची मोठी हानी झाली, तथापि २१ फेब्रुवारी १८४९ रोजी पंजाबातील गुजरात येथील लढाईने युद्धाचा निकाल लागला. २९ मार्च १८४९ रोजी लॉर्ड डलहौसीच्या वतीने लाहोर दरबारात जाहीरनामा वाचण्यात येऊन राज्य खालसा करण्यात आले. दहा वर्षांच्या मुलाने ज्या करारावर सही केली, त्यात त्याने राज्यावरील सर्व हक्क सोडावेत, कोहिनूर हिरा इंग्लंडच्या राणीस द्यावा, चार लाखांहून कमी नाही व पाच लाखांहून अधिक नाही अशी सालीना तैनात घ्यावी आणि गव्हर्नर जनरल ठरवील तेथे राहावे, अशी कलमे होती. हिरा मुंबई बंदरातून एप्रिल १८५० मध्ये विलायतेस रवाना झाला.

बालराजास गंगाकाठच्या फत्तेगढ येथे डॉ. जॉन लॉगिन याच्या देखरेखीखाली ठेवण्यात आले. माता, आप्त, भाषा आणि धर्म यांपासून तुटलेल्या या मुलाने ८ मार्च १८५३ रोजी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पुढील वर्षी तो इंग्लंडास गेला. व्हिक्टोरिया राणीने त्याच्यावर मायेची पाखर घातली, विंटरहाल्टर या चित्रकाराकडून त्याचे राजवेषातील पूर्णाकृती चित्र काढविले आणि पैलू पाडून लहान झालेला कोहिनूर त्याच्या हाती दिला. त्याने तो न्याहाळून राणीस परत केला. सरदारी थाट व शिकार यांत रमलेला उमदा तरुण म्हणून तो त्या समाजात वाढला.

१८६१ मध्ये कलकत्त्यास मायलेकांची तब्बल तेरा वर्षांनी भेट झाली. अंध होत चाललेल्या जिंदाँस तो आपल्याबरोबर इंग्लंडास घेऊन गेला. गतराज्याची आणि रणजितसिंगाच्या खाजगी मिळकतींची हकीकत त्यास प्रथम तिच्याच तोंडून सविस्तर कळली असावी, असे पुढील घटनांवरून दिसते. १ ऑगस्ट १८६३ रोजी ती निवर्तली. तिचा देह पंजाबात नेण्यास सरकारने मनाई केल्यामुळे महाराजास पुढील वर्षी तो मुंबईस आणून नाशिक येथे गोदावरीच्या तीरी तिची समाधी उभारावी लागली. तिच्या अस्थी १९२४ मध्ये लाहोरास रणजितसिंगाच्या समाधिस्थानी नेण्यात आल्या, हे कार्य नात बंबा हिने केले. मातेच्या उत्तरकार्यानंतर परतताना दलीपसिंगाने इजिप्तमध्ये जर्मन सावकार व ॲबिसिनियन स्त्री यांची कन्या बंबा म्यूलर हिच्याशी विवाह केला (१८६४). इंग्लंडात सफोक परगण्यातील एल्व्हडन या सुमारे सतरा हजार एकरांच्या जमिनदारीवर त्याने वास्तव्य केले आणि तेथील वाडा आतून मोगली धर्तीवर सजविला.

कर्ज वाढत गेले आणि इंडिया ऑफिसशी पत्रव्यवहार सुरू झाला. तैनातीची करारातील पूर्ण रक्कम आपणास कधीच मिळाली नाही, आणि राज्यप्राप्तीपूर्वी कुळात चालत आलेली इस्टेट व मिठाच्या खाणी ही खाजगी मालमत्ता असून ती जप्त करण्याचा अधिकार कोणासही नव्हता, असे त्याचे म्हणणे होते. १८८२ मध्ये त्याने आपली बाजू 'टाइम्स'मधून मांडली. त्याच वर्षी मेजर इव्हान्स बेल या इंग्रज ग्रंथकाराने पंजाबच्या खालसातीवर ग्रंथ लिहून, बंड मोडणे हे पालकाचे काम होते, त्या बंडासाठी पाल्याचे राज्य हरण करणे हा विश्वासघात होय, अशी मीमांसा केली. सरकारने दाद दिली नाही. चुलतभाऊ ठाकूरसिंग संधानवालिया याच्या सहवासाने महाराजाच्या मनात पूर्वजांच्या धर्माची ओढ जागी झाली, आणि मार्च १८८६ मध्ये देशबांधवांस उद्देशून जाहीरनामा काढून तो सहकुटुंब हिंदुस्थानाकडे निघाला. एप्रिलमध्ये एडन येथे त्याला अडविण्यात आले. कुटुंब इंग्लंडास परतले. त्याने मात्र तेथेच, २५ मे रोजी, विधिपूर्वक अमृत घेऊन शीख धर्मात पुनःप्रवेश केला, पॅरिस गाठले आणि सरकारी तैनात नाकारली.

तेथून त्याने शिखांचा सार्वभौम राजा म्हणून जाहीरनामे काढले. ठाकूरसिंगाने फ्रेंच अंमलातील पाँडिचेरीत राहून त्याचे वजीरपद सांभाळले. १८८७ मध्ये 'पॅट्रिक केसी' या नावाच्या पारपत्रावर दलीपसिंग रशियात गेला व झार तिसरा अलेक्झांडर यास त्याने हिंदुस्थानवर स्वारी करण्याची विनंती केली. परंतु मुख्य पाठीराखा पत्रकार काटकोव्ह आणि ठाकूरसिंग हे दोघेही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मरण पावले, सप्टेंबरात पत्नी बंबा इंग्लंडात वारली, आणि झारने साहाय्य केले नाही. पॅरिसला परतल्यावर त्याने एडा वेदरिल हिच्याशी विवाह केला (१८८९). १८९० मध्ये पक्षाघाताने विकल झाल्यावर त्याने राणीकडे क्षमायाचना केली, ती मान्य झाली, आणि १८९१ मध्ये दक्षिण फ्रान्समधील ग्रास येथे दोघांची अखेरची भेट झाली. पॅरिस येथे त्याचे निधन झाले. एल्व्हडनच्या चर्चच्या आवारात ख्रिस्ती विधीने त्यास पुरण्यात आले. पहिल्या पत्नीपासून झालेल्या अपत्यांपैकी सोफिया हिने इंग्लंडातील स्त्रियांच्या मताधिकार चळवळीत झुंजार भाग घेतला. कन्या बंबा लाहोरास स्थायिक होऊन १९५७ मध्ये तेथेच वारली.

दलीपसिंगाचे धरसोडीचे वर्तन, उधळा खर्च आणि परकीय दरबारांवरील भाबडा विश्वास यांवर बोट ठेवून त्याच्या दाव्याची वासलात लावण्याचा प्रघात तत्कालीन इंग्रज अधिकाऱ्यांनी पाडला. परंतु वारसाच्या स्वभावातील उणिवांनी त्याच्या हक्काचे मोल कमी होत नाही. १८४८ चे बंड झाले तेव्हा लाहोरचा कारभार ब्रिटिश रेसिडेंटाच्या हाती होता, महाराजा त्याच सरकारचा पाल्य होता, आणि दरबारातील कित्येक सरदार अखेरपर्यंत सरकारच्याच पक्षात राहिले होते. तरीही शिक्षा झाली ती ज्याच्या हाती कसलीच सत्ता नव्हती त्या मुलास, आणि ज्याच्या सहीवर सारा व्यवहार उभा राहिला तो स्वतःच्या मिळकतीचे खतही करून देण्यास कायद्याने अपात्र असलेला अज्ञान होता. ही विसंगती त्याने प्रौढपणी ओळखली आणि तिच्यासाठी तैनात, प्रतिष्ठा व संसार यांवर पाणी सोडले. म्हणूनच हिंदी संस्थानांच्या खालसातीच्या इतिहासात त्याचा पराभूत दावा हा विजेत्यांच्या न्यायबुद्धीविरुद्धचा सर्वांत सबळ पुरावा ठरतो.