साहाय्यकारी क्रियापद

आमच्या घरात पिढी बदलली की लिपी बदलते. आजोबा मोडीत लिहीत, वडील उर्दूत, आणि मी सदतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या फळ्यावर इंग्रजी लिहिलं. त्यामुळे आजोबांचं लिहिलेलं वडिलांना लागत नसे, वडिलांचं मला लागत नाही, आणि माझं माझ्या विद्यार्थ्यांनाही लागत नसे. मराठी आम्ही सगळेच बोलत आलो. ती शिकावीही लागते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

ह्यात दोष घराण्याचा नाही, भूगोलाचा आहे. मेकॉलेसाहेबानं १८३५ साली इंग्रजी शिक्षणाबद्दलचं ते प्रसिद्ध टिपण लिहिलं आणि यथावकाश मुंबई-पुण्याची मंडळी शेक्सपिअर वाचू लागली. आमचं नांदेड आणि लातूर मात्र निजामाच्या मुलखात. हैदराबाद संस्थानात १८८४ साली दरबारातून फारसी गेली आणि तिच्या गादीवर उर्दू बसली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं, तेही उर्दू माध्यमाचं. पदार्थविज्ञानापासून वैद्यकापर्यंत सगळं उर्दूत आणायला तिथं भाषांतराचं स्वतंत्र खातंच होतं. इंग्रजी विषय सक्तीचा होता, पण विषय म्हणूनच. पाहुण्याला पाटावर बसवतात, तिजोरीची किल्ली देत नाहीत, तसं.

आमचे वडील, म्हणजे अण्णा, ह्या राज्यात तहसिलात कारकून होते. त्यांचं उर्दू अक्षर म्हणजे मोत्याचा सर, असं जुने लोक सांगत. मला ते मोती उजवीकडून मोजायचे की डावीकडून, एवढंही कळत नसे. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शन सुरू झाली आणि १७ तारखेला निजाम शरण आला. मुलूख स्वतंत्र झाल्याचा आनंद अण्णांना शेवटपर्यंत होता. पण पुढं कचेरीतली उर्दू हळूहळू आटत गेली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, मराठी आणि इंग्रजी कागद यायला लागले, आणि कालपर्यंत ज्यांच्याकडून लोक अर्ज लिहून घेत, ते अण्णा दुसऱ्याकडून कागद वाचून घेऊ लागले. स्वातंत्र्य मिळालं आणि शिक्षण गेलं, असा दुहेरी योग फार थोड्यांच्या पत्रिकेत असतो.

चाळिशीचा माणूस रात्री कंदिलाशी बसून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गिरवायचा, हे माझ्या लहानपणाचं चित्र आहे. (२०२३ साली निजामकालीन नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं हुडकत फिरावं लागलं. अण्णा असते तर त्यांनी बिनपगारी काम केलं असतं, आणि वर चहा पाजला असता.)

स्वतःचं झालं ते पोराचं होऊ नये म्हणून अण्णांनी मला इंग्रजी व्याकरणाला जुंपलं. शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. घरी कुठूनसं ‘रेन अँड मार्टिन’ आलं. ह्यातल्या रेनसाहेबानं १९२४ साली ‘ब्यू जेस्ट’ नावाची वाळवंटातल्या फौजेची झकास कादंबरी लिहिली होती, हे मला पुढं म्हातारपणी कळलं. आधी कळलं असतं तर मी तीच वाचली असती. मी मात्र ‘गो-वेंट-गॉन’, ‘ईट-एट-ईटन’ असं रामरक्षेच्या चालीवर म्हणत वाढलो. सातवीत येईपर्यंत कुठल्याही इंग्रजी वाक्याचं पोस्टमॉर्टेम मी बसल्या बैठकीला करून देत असे. वाक्य जिवंत असतं ही शंका मला आली नाही.

मग १९६५ सालचा श्रावण आला. नांदेडला आमच्या शेजारी तात्या राहत. त्यांचे वडील लातूरला धाकट्या मुलाकडं असत. आडत बाजारात त्यांचं जुनं दुकान होतं. एका दुपारी तात्यांना तार आली. त्या काळी तार आली की आधी रडायचं आणि मग उघडायची, असा रिवाज होता. अण्णा कचेरीत होते. साहजिकच गल्लीतला इंग्रजी विद्वान म्हणून मला बोलावणं आलं.

तारेत चार शब्द होते. ‘फादर सिंकिंग. स्टार्ट इमिजिएटली.’

चारी शब्दांची माझी जुनी ओळख. सिंक-सँक-संक. मी छाती काढून सांगितलं, “तात्या, तुमचे वडील बुडायलेत.”

“कुठं?”

“ते लिहिलं नाही.”

“लेकरा, नीट वाच की. लातुरात बुडायला पाणी कुठंय?”

गल्ली जमली. आम्ही गोदाकाठची माणसं, बुडणं आम्हाला ठाऊक. एकजण म्हणाला, आडात पडले असतील. दुसरा म्हणाला, मग ‘पडले’ असं कळवलं असतं. तिसऱ्यानं बिनतोड मुद्दा काढला, “तार सकाळची. आता दुपार झाली. माणूस इतका वेळ बुडायला राहतो का?” मी त्यात शास्त्रीय भर घातली. वाक्यच चुकलंय म्हणालो. सिंकिंगच्या आधी ‘इज’ पाहिजे. साहाय्यकारी क्रियापद नाही, त्या अर्थी तार करणाराला इंग्रजी येत नाही.

शेवटी पोक्त लोकांनी निकाल दिला की बुडाले म्हणजे धंद्यात बुडाले. आडतीचा धंदा, आज आहे उद्या नाही. आणि ‘स्टार्ट इमिजिएटली’ म्हणजे लगेच नवं काही तरी सुरू करा. ते चपखल बसलं. तात्यांचा चेहरा जरा उतरला, पण घाई संपली. पगार हातात आला की जाऊन यावं, असं ठरलं.

संध्याकाळी अण्णा आले. त्यांनी तार हातात घेतली, आणि उभे होते तिथंच खाली बसले. कचेरीत अशा तारा त्यांनी पाहिल्या होत्या. म्हातारा शेवटच्या घटका मोजत होता.

लातूरची शेवटची एस.टी. गेलेली होती. आगगाडीचा उपयोग नव्हता. नांदेडची मीटरगेज, लातूरची बार्शी लाइटची नॅरोगेज; एकाच मुलखातल्या दोन गावांचे रूळसुद्धा एकमेकांना जुळत नव्हते. तात्या सकाळच्या पहिल्या गाडीनं लोहा, अहमदपूर, चाकूर करत गेले. पोचले तेव्हा धाकट्या भावानं अग्नी दिलेला होता.

दिवस करून, डोकं काढून ते परत आले. मी दाराआड लपलो होतो. त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाले, “तू तर बरोबरच वाचलं होतंस लेकरा. शब्दानं शब्द बरोबर होता.” रागावले असते तर मी विसरून गेलो असतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढी ठेच लागल्यावर हा माणूस शहाणा मास्तर झाला असेल. छे! ठेच लागलेला माणूस पुढच्यालाही त्याच वाटेनं नेतो, कारण त्याला तेवढीच वाट माहीत असते. १९७४ साली मी नोकरीला लागलो आणि नांदेड-लातूरच्या खेड्यांतून पाचवी ते सातवीला तेच शिकवलं. उताऱ्यावरच्या प्रश्नांना मी एक किल्ली दिली होती. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधा आणि ती ओळ उतरवून काढा. ही किल्ली मराठीतही चालते, बघा. ‘चिंबूनं गटाळ्यात फुरकं टाकलं.’ प्रश्न : चिंबूनं फुरकं कशात टाकलं? उत्तर : गटाळ्यात. पैकीच्या पैकी गुण. चिंबू कोण आणि गटाळं कशाचं, हे ना मुलांना ठाऊक ना मला.

लेखनाचंही तसंच. तापाच्या रजेचा अर्ज मी घोटून घेतला होता, आणि परीक्षेत बहिणीच्या लग्नाच्या रजेचा आला. एका चिरंजीवांनी लिहिलं, ‘आय ॲम सफरिंग फ्रॉम माय सिस्टर्स मॅरेज.’ मी लाल पेन घेऊन दोनदा वाचलं. व्याकरणात चूक नव्हती. गुण द्यावे लागले.

मग जून २००० उजाडला. शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे ह्यांनी राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं. केवढा गदारोळ झाला! मराठीचं काय होणार, असं एक बाजू म्हणाली. साहेबाच्या पोरांना मिळतं ते गरिबाच्या पोरांना का नको, असं दुसरी म्हणाली. मला दोन्ही बाजू पटल्या, कारण दोन्ही आमच्या घरात नांदून गेल्या होत्या. माझी अडचण वेगळी होती. पहिलीच्या मुलाला व्याकरण शिकवता येत नाही. त्याला नाम म्हणजे गंध वाटतं. व्याकरण काढून घेतल्यावर माझ्याकडं शिकवायला उरलं काय? पहिलं वर्षभर मी ‘स्टँड अप’ आणि ‘सिट डाऊन’ एवढ्यावर काढलं. मुलं शिकली का ते सांगवत नाही, पण माझे गुडघे शिकले.

ही गोष्ट २००३ च्या जुलैची. लातूर जिल्ह्यातलं गाव, पावसाचा पत्ता नाही, टँकरवर भिस्त. मी तिसरीला शिकवत होतो. खिडकीशी बसलेली एक मुलगी, जिनं दोन वर्षांत इंग्रजीचं अक्षर तोंडातून काढलं नव्हतं, ती एकदम ताडकन उठून ओरडली,

“गुरुजी, टँकर कमिंग!”

माझ्या तोंडात शब्द आलाच होता, “इज कुठंय?” तो तिथंच अडकला. बारा वर्षांचा एक पोरगा हातात तार धरून माझ्यासमोर उभा राहिला. फादर सिंकिंग. टँकर कमिंग. दोन्हीत ‘इज’ नव्हतं. एका वाक्याचं मी पोस्टमॉर्टेम करत बसलो आणि माणूस गेला. दुसऱ्या वाक्याला मी काही करायच्या आत अख्खा वर्ग घागरी आणायला घराकडं पळाला होता. एकालाही अर्थ विचारावा लागला नाही. माझ्या नोकरीच्या एकोणतिसाव्या वर्षी माझ्या वर्गात पहिल्यांदा कुणी कुणाला इंग्रजीत काही सांगितलं होतं.

अर्ध्या तासानं ओलीचिंब होऊन मुलं परत आली. मी तिचं वाक्य तसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. मग वर्गाला चेव चढला. मदर कमिंग. वॉटर गोइंग. गुरुजी लाफिंग. फळा भरला. सगळ्यात शेवटी मी खडूनं प्रत्येक वाक्याच्या मध्ये एकेक ‘इज’ बसवला, आणि तो तिथं कशाला पाहिजे हे मुलांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. पाणी भरून झालं होतं, त्यांना आता घाई नव्हती.