चांद्याच्या जंगलातील आरोग्यदूत : रोगनिदानाचा अधिकार गावाकडे कसा आला

चंद्रपूर आणि गडचिरोली हे आज दोन स्वतंत्र जिल्हे असले, तरी २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत वैनगंगेच्या दोन्ही काठांवरचा हा सारा वनप्रदेश चंद्रपूर, म्हणजे जुना चांदा, या एकाच जिल्ह्यात मोडत होता आणि त्याच्या आरोग्याचा कारभारही एकाच जिल्हा ठिकाणाहून चाले. धानोरा, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या भागांतील गावे लहान आणि विखुरलेली आहेत. पावसाळ्यात पर्लकोटेसारख्या नद्यांना पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, आणि हिवताप व अतिसार यांचा जोरही नेमका याच महिन्यांत असतो. अशा प्रदेशात डॉक्टर नेमले गेले तरी ते टिकत नाहीत, ही तक्रार जुनी आहे. त्यामुळे येथील संसर्गजन्य रोगांचे नियंत्रण प्रारंभापासून डॉक्टर नसलेल्या माणसांच्या हातून झाले. या माणसांना शिकवायचे काय, हे ठरवणे तुलनेने सोपे होते. शिकवून झाल्यावर त्यांना ठरवू द्यायचे किती, या प्रश्नावर मात्र प्रत्येक पिढीने वेगळे उत्तर दिले, आणि या प्रदेशातील आरोग्यशिक्षणाचा इतिहास मुख्यतः त्या उत्तरांचा इतिहास आहे.

या परंपरेतील पहिले ठळक नाव एका वकिलाचे आहे, ही गोष्ट सूचक म्हणावी लागेल. वरोरा येथे वकिली करणारे आणि तेथील नगरपालिकेचे उपाध्यक्षपद भूषवलेले मुरलीधर देविदास, म्हणजे बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना केली, कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाच्या निदानाचे व उपचाराचे शिक्षण घेतले आणि १९५१ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन वसवले. वैद्यकाची पदवी नसलेल्या माणसाला कुष्ठरोगाचे निदान शिकता येते, हे तोवर शेजारच्या वर्धा जिल्ह्यातही दिसू लागले होते. तेथे दत्तपूरला मनोहरजी दिवाण १९३६ पासून कुष्ठसेवा करत होते. गांधी स्मारक निधीतून १९५१ मध्ये उभ्या राहिलेल्या कुष्ठरोगविषयक प्रतिष्ठानात डॉ. वारडेकर यांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशा तीन अंगांची कार्यपद्धती बसवली व तीच पुढे १९५५ च्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने स्वीकारली. या पद्धतीचा कणा होता निमवैद्यकीय कर्मचारी. घरोघरी जाऊन अंगावरचा फिकट चट्टा पाहणे, रुग्णाला डोळे मिटायला सांगून त्या चट्ट्यावर कापसाची वात टेकवून संवेदना आहे की नाही ते तपासणे, कोपरामागची नस जाड झाली आहे का हे बोटांनी चाचपणे, आणि रुग्ण सापडला की डॅप्सोनच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू राहतील असे पाहणे, एवढे त्याला शिकवले जाई. निदानावर शिक्कामोर्तब डॉक्टरने करायचे, हा नियम कायम होता. कुष्ठरोग सावकाश वाढणारा रोग असल्यामुळे डॉक्टरची वाट पाहण्यात काही आठवडे गेले तरी सहसा जीव जात नसे, म्हणून त्या नियमातील उणीव फारशी उघडी पडली नाही.

हिवतापाने ती उघडी पाडली. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये त्याचे रूपांतर निर्मूलन कार्यक्रमात झाले, आणि डीडीटीच्या फवारणीबरोबरच गावोगावी फिरून तापाचे रुग्ण शोधणारा कर्मचारी या प्रदेशाला परिचित झाला. पुढे १९७३ च्या कर्तारसिंग समितीच्या शिफारशींनुसार निरनिराळ्या रोगांसाठीचे वेगवेगळे कर्मचारी एकत्र करून ‘बहुउद्देशीय कर्मचारी’ हे पद निर्माण झाले. या कर्मचाऱ्याने पंधरवड्यातून एकदा घरी यायचे, ताप आलेल्याच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा जाड व पातळ असा दुहेरी नमुना घ्यायचा, हिवताप गृहीत धरून क्लोरोक्विनची प्राथमिक मात्रा द्यायची आणि काचपट्टी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवायची, अशी रीत होती. तेथे तंत्रज्ञ नमुना रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाही, आणि जंतू आढळले तर संपूर्ण उपचारासाठी निरोप गावात परत येई. कागदावर ही साखळी निर्दोष होती. मात्र गडचिरोलीच्या जंगलात मोठ्या प्रमाणावर आढळणारा फाल्सिपॅरम हा हिवतापाचा प्रकार मेंदूपर्यंत पोहोचला तर काही दिवसांतच मृत्यू घडवतो, आणि काचपट्टीचा अहवाल त्याहून उशिरा येई. कर्मचाऱ्याला रक्त घेता येत होते, त्या रक्तात काय आहे हे सांगता येत नव्हते. त्याचे प्रशिक्षण अपुरे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण निर्णयाची जागाच गावापासून दूर ठेवण्यात आली होती. सूक्ष्मदर्शकाविना पंधरा-वीस मिनिटांत निकाल देणारी तत्काळ निदान पट्टी या शतकाच्या पहिल्या दशकात गावपातळीवर येऊ लागली, तेव्हा कुठे ही जागा सरकली.

दरम्यान २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया गोंडांच्या मुलखात कायमचा दवाखाना चालवला. रुग्ण कित्येक किलोमीटर पायी, कधी खाटेच्या डोलीतून येत. पुजारी, म्हणजे मंत्रोपचार करणारा पारंपरिक जाणकार, आणि दवाखाना यांच्यातील अविश्वास कमी होण्यास बराच काळ जावा लागला.

निर्णयाचा अधिकार हेतुपुरस्सर गावाकडे नेण्याचा प्रयोग १९८६ नंतर घडला. त्या वर्षी डॉ. अभय बंग आणि मूळच्या चंद्रपूरच्या डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात घेऊन हे दांपत्य येथे आले होते. बालमृत्यूंच्या कारणांमध्ये न्यूमोनिया, म्हणजे फुप्फुसांचा जंतुसंसर्ग, अग्रभागी होता. न्यूमोनिया ओळखण्यासाठी स्टेथोस्कोप आणि क्ष-किरण लागतात, असे वैद्यक महाविद्यालयांत शिकवले जाई. परंतु पापुआ न्यू गिनीत फ्रँक शान व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातून खोकणाऱ्या मुलाच्या श्वासाची गती हेच पुरेसे विश्वासार्ह लक्षण असल्याचे दिसून आले होते. ज्याला मिनिटभर श्वास मोजता येतो त्याला न्यूमोनिया ओळखता येतो, असा त्याचा सरळ अर्थ निघत होता.

अडचण मोजण्याचीच होती. गावातल्या बहुतेक दाया निरक्षर होत्या, त्यांना पन्नास-साठपर्यंत सलग मोजता येत नसे आणि त्यांच्याकडे घड्याळही नसे. यावर तयार झालेले ‘श्वासमापक’ हे साधन बारकाईने पाहण्याजोगे आहे. एका चौकटीत मिनिटभर चालणारी वाळूची घटिका बसवलेली असे आणि तिच्याबरोबर मण्यांच्या दोन ओळी असत, एक दोन महिन्यांच्या आतील बाळासाठी आणि दुसरी त्याहून मोठ्या मुलांसाठी. घटिका उलटी करून दाईने बाळाच्या पोटाकडे पाहायचे, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा आणि पुन्हा एकपासून मोजू लागायचे. वाळू संपण्याआधी ओळीच्या शेवटचा लाल मणी सरकवण्याची वेळ आली, म्हणजे लहान बाळात श्वास साठापर्यंत किंवा मोठ्या मुलात पन्नासापर्यंत पोहोचले, तर तो न्यूमोनिया समजायचा. दहापर्यंत मोजता येणे एवढेच गणित त्यात लागे. मण्यांच्या या योजनेत प्रशिक्षणाचा एक विचार दडलेला आहे : शिकणाऱ्याला जे येत नाही ते शिकवण्याचा आग्रह सोडून, तिला जे येते त्यात बसेल अशी निदानाची कृती घडवणे. शिवाय याच मोजणीने औषध केव्हा द्यायचे नाही हेही ठरत असे, कारण बहुतेक खोकले न्यूमोनियाचे नसतात आणि प्रतिजैविके सरसकट वाटली तर जंतू त्यांना दाद देईनासे होतात.

निमवैद्यकीय कर्मचारी, गावातील आरोग्यदूत आणि दाया अशा तिघांनाही कोट्रायमोक्सॅझोल हे प्रतिजैविक देण्याचे शिक्षण देऊन ५८ गावांत हा उपक्रम राबवण्यात आला व ४४ गावे तुलनेसाठी ठेवण्यात आली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एका वर्षात ६१२ बालन्यूमोनियांवर गावातच उपचार झाले आणि त्यांतील मृत्यूंचे प्रमाण ०.८ टक्के राहिले. तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के होते.

यापुढचे पाऊल अधिक धाडसाचे होते. जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांत होणारे मृत्यू न्यूमोनियाच्या उपचारांनी पुरेसे आटोक्यात येत नव्हते, आणि त्यांतील मोठा वाटा ‘सेप्सिस’चा, म्हणजे रक्तात व सर्वांगात पसरलेल्या जंतुसंसर्गाचा होता. अशा बाळाला रुग्णालयात न्यावे, हा सल्ला शास्त्रशुद्ध असला तरी बाळंतिणीला घेऊन जंगलातून कित्येक मैल जाण्यास कुटुंबे क्वचितच तयार होत. म्हणून १९९५ पासून ३९ गावांमध्ये पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून टप्प्याटप्प्याने शिकवण्यात आले, आणि ४७ गावे तुलनेला होती. हात धुणे, बाळाला उबेत ठेवणे, वजन व तापमान घेणे, जन्मतः न रडलेल्या बाळाला पिशवी व मुखवट्याच्या साहाय्याने श्वास देणे हे सारे त्यात होते. बाळाचे रडणे क्षीण होणे, अंगावर पिणे कमी होणे, हातपाय ढिले पडणे, पोट फुगणे किंवा उलट्या होणे, नाळेत पू होणे अशा ठरावीक लक्षणांपैकी दोन एकाच वेळी दिसली तर सेप्सिस समजायचा, आधी रुग्णालयात जाण्याचा सल्ला द्यायचा आणि कुटुंबाने तो नाकारला तर त्यांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन व तोंडाने प्रतिजैविक सुरू करायचे, असा क्रम होता. ठरावीक काळाने पर्यवेक्षक येऊन नोंदवही पडताळत असे, आणि ही तपासणी प्रशिक्षणाचाच भाग मानली जाई.

खेड्यातील बाईने नवजात बाळाला इंजेक्शन द्यावे, या कल्पनेवर वैद्यकीय व्यवसायातून आक्षेप येणे स्वाभाविकच होते, कारण कायद्याने ही औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळतात. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा चर्चेला आकड्यांचा आधार मिळाला : तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी उतरला होता आणि सेप्सिस झालेल्या बाळांतील मृत्यूंचे प्रमाण १६.६ वरून २.८ टक्क्यांवर आले होते. यानंतर ‘अंकुर’ प्रकल्पातून महाराष्ट्रात सात ठिकाणी इतर संस्थांनी हीच पद्धत वापरून पाहिली, आणि २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली.

शासनाने ती स्वीकारली, पण निवडून. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ ही गावातील स्वयंसेविका उभी राहिली होती; तिच्या प्रशिक्षणाच्या सहाव्या व सातव्या भागांत नवजात बाळाची काळजी आली, आणि २०११ पासून रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी सहा व घरीच जन्मलेल्या बाळाकडे सात भेटी देण्याचे काम २५० रुपयांच्या मोबदल्यावर तिच्याकडे सोपवण्यात आले. वजनकाटा, तापमापक, धोक्याची लक्षणे हे सर्व तिच्यापर्यंत पोहोचले. इंजेक्शन पोहोचले नाही. लक्षणे ओळखून बाळाला वरच्या केंद्राकडे पाठवणे येथे तिचा अधिकार संपला, आणि एका अर्थी काचपट्टीच्या काळातील रचनाच नव्या पोशाखात परतली. लाखो कार्यकर्त्यांवर त्या ३९ गावांइतकी बारीक देखरेख ठेवणे शासनयंत्रणेला जमले नसते, हे या निर्णयाच्या बाजूने प्रामाणिकपणे मांडता येते. तरीही प्रयोगातील यशाचा मोठा वाटा ज्या कृतीकडे जातो तीच वगळली गेली, ही वस्तुस्थिती उरते. केंद्र शासनाने २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून रुग्णालयात पाठवणे अशक्य असेल किंवा कुटुंबाने नाकारले असेल तेव्हा जेंटामायसिन देण्याची मुभा दिली, परंतु ती उपकेंद्रातील परिचारिकेला, म्हणजे नर्सबाईंना. आणि एका उपकेंद्राखाली अनेक गावे येत असल्यामुळे पावसाळ्यात नर्सबाई आणि आजारी बाळ यांच्यामध्ये भरलेला नाला असणे भामरागड-एटापल्लीच्या बाजूला नेहमीचे आहे.