डिझाइन थिंकिंग (शालेय शिक्षण)

डिझाइन थिंकिंग किंवा अभिकल्प विचार ही वापरकर्त्याची गरज केंद्रस्थानी ठेवून समस्या सोडवण्याची पद्धत आहे. विद्यार्थ्यांची सर्जनशील समस्या-निराकरणाची क्षमता वाढवण्यासाठी शिक्षणात तिचा उपयोग केला जातो. उत्तर शोधण्यापूर्वी प्रश्न योग्य रीतीने मांडण्यावर या पद्धतीचा भर असतो.

== पार्श्वभूमी ==
हर्बर्ट सायमन यांच्या १९६९ मधील 'द सायन्सेस ऑफ द आर्टिफिशियल' या ग्रंथात या विचाराचे एक मूळ मानले जाते. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी.स्कूलने तो शिक्षणक्षेत्रात लोकप्रिय केला. भारताच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शालेय स्तरावरील समकालीन विषयांत त्याचा उल्लेख आहे.

== टप्पे ==
* समानुभूती: वापरकर्त्याचे निरीक्षण व त्याच्याशी संवाद
* समस्येची व्याख्या
* कल्पनानिर्मिती
* प्राथमिक नमुना
* चाचणी

हे टप्पे एकाच क्रमाने पूर्ण करावे लागत नाहीत. चाचणी फसल्यास समस्येची व्याख्याही बदलता येते.

== महाराष्ट्रातील उपयोग ==
पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाने 'करत शिकणे' हे तत्त्व ग्रामीण शिक्षणात रुजवले. ही पद्धत डिझाइन थिंकिंगला जवळची आहे. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनअंतर्गत इयत्ता सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी अटल टिंकरिंग लॅब उभारल्या जातात.

== उदाहरण: यवतमाळमधील फवारणी ==
२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. 'मजूर मास्क वापरत नाहीत' अशी समस्या मांडल्यास 'जनजागृती' एवढेच उत्तर सुचते. मात्र उकाडा, साधनांची किंमत, डोक्याएवढी वाढलेली कपाशी आणि मजुरी बुडण्याची भीती लक्षात घेतल्यास प्रश्न बदलतो: 'उकाड्यात दिवसभर वापरता येईल असे स्वस्त संरक्षण कसे तयार करावे?' नमुन्याच्या चाचणीसाठी विद्यार्थी कीटकनाशकाऐवजी रंगीत पाणी वापरून अंगावरील कपड्यावर तुषार कोठे पडतात हे पाहू शकतात.

== मर्यादा ==
एखाद-दुसऱ्या दिवसाच्या कार्यशाळेत समानुभूतीचा टप्पा उरकला जातो, अशी टीका होते. गुणांवर आधारित परीक्षापद्धतीत फसलेल्या प्रयोगाचे मूल्यमापन करणे अवघड ठरते. तसेच कीटकनाशकांच्या विक्रीवरील नियंत्रण किंवा वेळेवर उपचार यांसारखे धोरणात्मक प्रश्न केवळ नव्या वस्तूने सुटत नाहीत.