कोकणातल्या बेने इस्रायल स्त्रिया

बेने इस्रायल हा मराठी बोलणारा ज्यू समाज मूळचा आजच्या रायगड जिल्ह्यातला. पनवेलमधले बेथ एल सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, 1849चे आहे. अलिबाग, पेण आणि रेवदंड्यातही सिनेगॉग आहेत. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून समाज वाढला, असे परंपरा सांगते. तेल गाळणारी आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारी ही माणसे गावात ‘शनवार तेली’ म्हणून ओळखली जात.

शतकानुशतके या समाजाजवळ ना हिब्रू ग्रंथ होते, ना धर्मगुरू, ना प्रार्थनेचे मंदिर. शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा, मुलांची सुंता, ‘शमा’ ही प्रार्थना आणि खाण्यापिण्याचे नियम एवढेच टिकले होते. त्यातला मोठा भाग घरात, चुलीपाशी पाळला जाई. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी नोंदवलेली एक आख्यायिका या दृष्टीने फार मोलाची आहे. डेव्हिड रहाबी नावाचा ज्यू कोकणात आला. हे लोक खरेच ज्यू आहेत का, हे पाहण्यासाठी त्याने बायकांना निरनिराळे मासे रांधायला दिले. त्यांनी पर आणि खवले नसलेले मासे बाजूला काढले. ते आम्ही खात नाही, असे त्यांनी सांगितले आणि रहाबीची खात्री पटली. रहाबीच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण समाजाने आपल्या धर्माची साक्ष बायकांच्या तोंडी ठेवली, ही गोष्ट कोणत्याही सनावळीइतकीच महत्त्वाची आहे.

सणही स्वयंपाकघरातून चालत. खिरीचा सण असे, तसा बिरड्याचा सणही. जेरुसलेमचे मंदिर पडल्याच्या दुःखाचा उपवास कोकणात वालाच्या बिरड्याशी जोडला गेला. नवस फेडताना प्रेषित एलियाहू हनाबीच्या नावाने पोहे, ओले खोबरे आणि फळांचा मलिदा आजही होतो. लग्नात मेंदी आणि गळ्यात मंगळसूत्र आले, तशी शेजारची कठोर रीतही आली: विधवेचा पुनर्विवाह कमीपणाचा ठरला. बेने इस्रायल नसलेल्या आईची संतती ‘काळा इस्रायल’ म्हणून वेगळी धरली जाई. हा भेद अन्यायाचाच होता.

मुंबईत 1796 मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी पहिले सिनेगॉग बांधले आणि पुढे कोकणातही ती उभी राहिली. प्रार्थनेला दहा पुरुषांची गणसंख्या लागे, स्त्रिया वेगळ्या बसत. जो धर्म घराने सांभाळला, त्याचा अधिकार आता पुरुषांच्या सभेकडे गेला.

स्त्रियांना नवी वाट शिक्षणाने दिली. रिबेका रूबेन 1905 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिल्या आल्या. 1922 पासून 1950 पर्यंत त्या मुंबईच्या इस्रायली शाळेच्या, म्हणजे पुढच्या सर एली कदूरी स्कूलच्या, मुख्याध्यापिका होत्या. डॉ. जेरुशा झिराड यांचे आडनाव अलिबाग तालुक्यातल्या झिराड गावावरून आलेले. लंडनमध्ये शिकून आलेल्या या स्त्रीरोगतज्ज्ञ 1928 ते 1947 मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या; 1966 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे धर्मातले कामही तितकेच धाडसाचे होते. लंडनमध्ये लिली माँटेग्यू यांच्या उदारमतवादी ज्यू चळवळीशी त्यांची ओळख झाली आणि 1925 मध्ये त्यांच्या पुढाकाराने मुंबईत ज्यू रिलिजस युनियन स्थापन झाली.

इस्रायलला गेलेल्या कुटुंबांपुढे 1962 मध्ये वेगळेच संकट आले. समाजाबाहेरच्या ज्यूंशी लग्न करायचे असेल तर बेने इस्रायलांनी आई, आजी, पणजी ज्यू असल्याची खातरजमा करून द्यावी, असा आदेश तिथल्या मुख्य धर्मपीठाने काढला. ज्यू धर्मशास्त्रात वंश आईकडून मोजतात. म्हणून संशय थेट कोकणातल्या पणज्यांवर आला. लोक रस्त्यावर उतरले. ऑगस्ट 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत असे जाहीर केले आणि धर्मपीठालाही आदेशाचे शब्द बदलावे लागले.

या समाजाचा अभ्यास शिफ्रा स्ट्रिझोव्हर, शर्ली इझेनबर्ग आणि शाल्वा वाइल या स्त्रियांनी मन लावून केला. तरी स्त्रियांनी स्वतः लिहिलेले फार थोडे हाती आहे. पनवेल, ठाणे, अलिबागच्या घरांत पाककृतींच्या किंवा मराठी कीर्तनांच्या जुन्या वह्या असतील, तर त्या रद्दीत जाण्याआधी त्यांच्या प्रती काढून ठेवाव्यात, आणि ज्या आजींना त्यातले पाठ आहे त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे.