रेषेचे द्विबिंदू समीकरण

प्रतलातील दोन भिन्न बिंदूंचे निर्देशक दिले असता त्यांतून जाणाऱ्या सरळ रेषेचे जे समीकरण मांडता येते, त्यास निर्देशक भूमितीत रेषेचे द्विबिंदू समीकरण म्हणतात. दोन भिन्न बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते. त्यामुळे हे समीकरण त्या रेषेचे पूर्ण वर्णन करते.

सूत्र

दिलेले बिंदू (क्ष१, य१) व (क्ष२, य२) असल्यास रेषेचा चढ पुढीलप्रमाणे मिळतो :

म = (य२ − य१) ÷ (क्ष२ − क्ष१)

रेषेचा चढ सर्वत्र सारखाच असतो. म्हणून रेषेवरील कोणताही बिंदू (क्ष, य) घेतला तरी

य − य१ = म (क्ष − क्ष१)

हे समीकरण सत्य ठरते. क्ष१ = क्ष२ असल्यास छेद शून्य होतो व चढ काढता येत नाही. अशी रेषा य-अक्षाला समांतर (किंवा खुद्द य-अक्षच) असते आणि तिचे समीकरण क्ष = क्ष१ असे लिहितात.

उदाहरण : गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या

महाराष्ट्रातील गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. त्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत १२,००,७०७, तर २०११ च्या जनगणनेत १३,२२,५०७ होती. २००१ नंतर लोटलेली वर्षे क्ष आणि लोकसंख्या य मानल्यास (०, १२,००,७०७) व (१०, १३,२२,५०७) हे दोन बिंदू मिळतात.

म = १,२१,८०० ÷ १० = १२,१८०

य = १२,१८० क्ष + १२,००,७०७

येथे चढ म्हणजे लोकसंख्येतील सरासरी वार्षिक वाढ, तर १२,००,७०७ हा य-आंतरछेद होय. क्ष = ५ घेतल्यास २००६ सालची अंदाजे लोकसंख्या १२,६१,६०७ येते. दिलेल्या दोन बिंदूंच्या दरम्यानची किंमत अशा प्रकारे काढण्यास रेषीय अंतर्वेशन म्हणतात.

मर्यादा

तीच रेषा पुढे वाढवून क्ष = २० घेतल्यास २०२१ साठी १४,४४,३०७ ही संख्या मिळते. यास बहिर्वेशन म्हणतात. मात्र दर दशकात वाढीची संख्या नव्हे, तर वाढीचे प्रमाण कायम राहते असे मानल्यास त्याच दोन आकड्यांवरून १४,५६,६६२ हे उत्तर येते. दोन्ही उत्तरांतील १२,३५५ चा फरक रेषेवरील एका वर्षाच्या वाढीहूनही अधिक आहे. दोन बिंदूंतून रेषा नेहमीच काढता येते. परंतु प्रत्यक्ष बदल त्या रेषेनुसार होतो की नाही, हे ते दोन बिंदू सांगू शकत नाहीत. त्यासाठी निदान तिसरा बिंदू आवश्यक असतो.

लोकसंख्येच्या बाबतीत हा तिसरा बिंदू २०२१ च्या जनगणनेतून मिळावयाचा होता. कोविड-१९ च्या साथीमुळे ती जनगणना पुढे ढकलली गेली. या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्व आहे, कारण राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ अन्वये धान्यास पात्र व्यक्तींची संख्या प्रसिद्ध झालेल्या जनगणनेच्या आकड्यांवरून ठरते.

इतिहास

दोन बिंदू रेषेने जोडता येतात, हे युक्लिडच्या भूमितीचे पहिले गृहीतक आहे. रेषा व वक्र समीकरणांनी मांडण्याची पद्धत सतराव्या शतकात फर्मा आणि देकार्त यांनी विकसित केली. देकार्तचा भूमितीवरील ग्रंथ १६३७ मध्ये प्रसिद्ध झाला.

द्विबिंदू समीकरणामागील प्रमाणाचा विचार भारतीय गणितात त्रैराशिकाच्या रूपाने त्यापूर्वीच रूढ होता. आर्यभटाच्या कोष्टकात २२५ कलांच्या अंतराने ज्यांच्या किमती मिळतात; मधल्या कोनांच्या ज्या त्रैराशिकाने काढता येतात. ज्येचा आलेख सरळ रेषा नसल्याने त्यात थोडी चूक राहते. ब्रह्मगुप्ताने खंडखाद्यक (इ.स. ६६५) या ग्रंथात लगतच्या दोन फरकांचा उपयोग करून, म्हणजेच तिसरा बिंदू विचारात घेऊन, अधिक अचूक रीत दिली.