घरगुती चलच्चित्रे आणि जुना प्रोजेक्टर

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत कधी कधी अरुंद फितीची दोन-चार रिळे सापडतात. डबीवर कोणाच्या तरी लग्नाची किंवा बारशाची तारीख पुसट अक्षरांत लिहिलेली असते. त्यात काय आहे हे पाहण्याची उत्कंठा इतकी अनावर असते की, घरची मंडळी तडक जुन्या बाजाराची वाट धरतात आणि दिवा लागतो, चाके फिरतात एवढी खात्री करून एखादा प्रोजेक्टर घरी आणतात. येथे क्रमच उलटा होतो. कोणते यंत्र घ्यावे हे फीत पाहिल्यावाचून ठरत नाही, आणि फितीची मापे इतकी निरनिराळी का झाली हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये तिकीट लावून चलच्चित्रे दाखविली, तेव्हाची फीत नायट्रेटची, म्हणजे अत्यंत ज्वालाग्राही होती. ४ मे १८९७ रोजी त्याच शहरातील एका धर्मादाय बाजारात प्रोजेक्टरच्या दिव्यासाठी वापरलेल्या ईथरच्या वाफा पेटल्या आणि शंभरावर माणसे प्राणास मुकली. असले यंत्र दिवाणखान्यात कोण आणील? म्हणून घरगुती सिनेमाची पहिली अट न पेटणारी फीत ही ठरली. पॅथे या फ्रेंच कंपनीने १९१२ मध्ये अशी २८ मिलिमीटरची फीत काढली. १९२२ मध्ये साडेनऊ मिलिमीटरची काढली, जिची छिद्रे कडेला नसून दोन चित्रांच्या मधोमध असतात. १९२३ मध्ये कोडॅकने १६ मिलिमीटरचे माप आणले. चित्रपटगृहातील ३५ मिलिमीटरची फीत मधोमध चिरली तर साडेसतरा मिलिमीटर भरते. ती या यंत्रात बसत नाही, हा त्या मापाचा मोठाच गुण होय.

पुढे मंदीचे दिवस आले. १९३२ मध्ये कोडॅकने १६ मिलिमीटरच्याच फितीला दुप्पट छिद्रे पाडली. कॅमेऱ्यातून ती एकदा एका अंगाने, मग उलटवून दुसऱ्या अंगाने फिरवायची आणि धुतल्यावर मधोमध चिरून जोडायची. पंचवीस फुटांचे पन्नास फूट झाले व चार मिनिटांचे चित्रण मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. १९६५ मध्ये ‘सुपर ८’ निघाली. रुंदी तीच, पण छिद्रे लहान करून चित्राचे क्षेत्र सुमारे दीडपट केले. ग्राहकाची सर्वांत अधिक फसगत येथे होते. दोन्ही फिती आठच मिलिमीटरच्या, दुकानदार दोहोंना ‘आठचा प्रोजेक्टर’ म्हणून एकच यंत्र दाखवितो, आणि एकीच्या यंत्रात दुसरी घातली की छिद्रे फाटतात. जुन्या फितीचे छिद्र मोठे व दोन चौकटींच्या सीमेवर असते. ‘सुपर’चे लहान व चौकटीच्या मध्याशी असते. दोन्हींसाठी चालणारी यंत्रेही निघाली, मात्र त्यांची कळ योग्य जागी फिरवावी लागते. १६ मिलिमीटरमध्ये निराळा धोका आहे. मूकपटाच्या फितीला दोन्ही कडांस छिद्रे असतात, बोलपटाच्या एकाच कडेस. दोन्ही बाजूंस दाते असलेल्या मूक यंत्रात बोलपट चढविला तर ध्वनीची पट्टीच कुरतडली जाते.

एवढ्या दक्षतेचे कारण काय, असे श्रोत्यांना वाटेल. घरगुती फीत बहुधा अशा रीतीने धुतली जाई की, कॅमेऱ्यातील फीतच पडद्यावर दाखवावयाचे चित्र होऊन बाहेर येई. तिला निगेटिव्ह नसते. जी प्रत हाती आहे तीच पहिली आणि तीच शेवटची! २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली, तिचे सर्वांत प्रसिद्ध चित्रण अब्राहम झाप्रुडर या कपड्यांच्या व्यावसायिकाने आठ मिलिमीटरच्या घरगुती कॅमेऱ्याने केले. सव्वीस सेकंदांच्या त्या ४८६ चौकटी पुढे चौकशीचे घड्याळच ठरल्या. कॅमेरा सेकंदाला सरासरी १८.३ चौकटी घेत होता, असे परीक्षेत आढळले. अशा अनमोल फितीच्याही काही चौकटी ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या हाताळणीत खराब झाल्या. सुदैवाने त्याआधीच प्रती काढलेल्या होत्या. माळ्यावरच्या बारशाची प्रत कोणी काढलेली नसते.

तेव्हा प्रोजेक्टर पाहावयास जाताना हवी असलेली फीत मुळीच नेऊ नये. त्याच मापाची एखादी टाकाऊ फीत न्यावी. ती यंत्रातून काढून उजेडात तिरपी धरावी. नवी उभी रेघ दिसली तर चित्रखिडकीत घाण किंवा खरवड आहे. छिद्रांच्या कडा दुमडल्या असतील तर फीत ओढणारा आकडा झिजला आहे, आणि हा दोष स्वस्त किमतीने भरून निघत नाही. रबराचे पट्टे चिकट होऊन तुटतात, पण ते बदलता येतात. दिव्याचे तसे नाही. अमेरिकेसाठी बनलेले यंत्र ११०-१२० व्होल्टचे असते. आपल्या २३० व्होल्टवर ते थेट जोडले तर दिवा तत्काळ जातो, म्हणून मध्ये योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर हवा. १९७५-७६ मध्ये घरगुती व्हिडिओ आला आणि ही बाजारपेठ आटली. ऑस्ट्रियाच्या ऑइमिगसारखी बलाढ्य कंपनीही १९८० नंतर लवकरच बुडाली. त्यामुळे ज्याचा दिवा आज मिळतो तेच यंत्र घ्यावे, मग ते दिसावयास कितीही साधे असो.

डबी उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर मात्र खरेदीचा विचार सोडावा. ॲसिटेटच्या फितीचा ऱ्हास सुरू झाल्याचे ते लक्षण आहे. ती आक्रसते, छिद्रांतील अंतरे बदलतात व दाते तिला फाडतात. आता दात्यांशिवाय फीत सरकवून एकेक चौकट टिपणारी स्कॅनर यंत्रे आहेत. अशी फीत डबीसह तेथेच द्यावी, आणि तोवर ती थंड, कोरड्या जागी इतर रिळांपासून वेगळी ठेवावी.